इतिहास-भूगोल गावाच्या शिवेपासून शिकवा

(वनहक्क समित्यांचे सदस्य, पालक आणि प्राथमिक शिक्षक यांच्या एकत्र शिबिरात एका शिक्षक कार्यकर्त्याने केलेल्या भाषणाचा मजकूर. ज्या पाड्यांवरची माणसं शिबिराला येऊ शकली नाहीत त्यांच्यासाठी तो इथे देत आहोत. ज्याला वाचता येतं त्याने रात्री पाड्यावर सगळ्यांना वाचून दाखवावा.)



सकाळपासून आपण दाव्यांचं बोलतो आहोत. फॉर्म कसा भरायचा, पंचनामा कसा करायचा, फॉरेस्टवाले आले नाहीत तर काय करायचं. आता मधेच हा शाळेचा विषय कुठून काढला, असं काही जणांना वाटेल. दावा मोठ्या माणसांचा, शाळा पोरांची. पण मी सांगतो, दोन्ही एकच काम आहे. कसं ते बघा.

दाव्याच्या कागदात आपल्याला काय विचारलं आहे? तुम्ही कोण? ही जमीन कधीपासून कसता? ती कुठे आहे? बाकी सगळे रकाने या तीन प्रश्नांतूनच निघाले आहेत. कधीपासून, याचं उत्तर म्हणजे इतिहास. कुठे, याचं उत्तर म्हणजे भूगोल. हे दोन विषय आपल्या पोरांना तिसरीपासून शिकवतात. तरी दावा भरायची वेळ आली की सातवी-आठवी शिकलेला पोरगा पेन हातात धरून बसून राहतो. त्याला प्रतापगडाची लढाई सांगता येते, भारतातल्या नद्या पाठ येतात. आपल्या पाड्याचा नकाशा काढ म्हटलं, तर कुठून सुरुवात करावी ते कळत नाही. आपला आजा इथे कधी आला विचारलं, तर 'लय वर्षं झाली' म्हणतो. 'लय वर्षं' कागदावर चालत नाही.

यात पोराचा दोष नाही. त्याला कोणी ते विचारलंच नाही. इतिहास म्हणजे दुसऱ्यांच्या गावात घडलेलं, भूगोल म्हणजे दुसऱ्यांचा मुलूख, असंच त्याच्या डोक्यात बसलं आहे. ते बदलायचं कसं, यावर मला बोलायचं आहे.

न वाचलेल्या जाहिरनाम्याची गोष्ट

आधी एक जुनी गोष्ट सांगतो, कारण ती पोरांना शिकवायलाच पाहिजे. १८५३ साली १६ एप्रिलला मुंबई ते ठाणे पहिली आगगाडी धावली. रूळ वाढत गेले तसं रुळाखाली घालायला लाकूड लागलं. जहाजांना साग आधीपासून लागत होताच. इंग्रजांनी १८६४ साली वनखातं काढलं, १८६५ ला पहिला जंगल कायदा केला, १८७८ ला दुसरा, आणि १९२७ ला जो केला तो अजून चालू आहे. फॉरेस्टवाले आपल्यावर केस करतात ती याच १९२७ च्या कायद्याने.

या कायद्यात जंगल राखीव करायची रीत लिहिली आहे. सरकारने जाहिरनामा काढायचा, गावागावात तिथल्या भाषेत लावायचा. ज्याचा कोणाचा त्या जंगलावर हक्क असेल त्याने, कमीत कमी तीन महिन्यांची जी मुदत दिली असेल तिच्यात, अधिकाऱ्याला लेखी कळवायचं नाहीतर समक्ष जाऊन सांगायचं. जो सांगणार नाही त्याचा हक्क संपला. कलम ६ आणि कलम ९, गुरुजींनी काढून वाचावं.

आता विचार करा. त्या काळात आपल्या पाड्यांवर अक्षर वाचणारा कोण होता? जाहिरनामा कोणी वाचला? कचेरी किती कोस लांब, आणि साहेबासमोर उभं राहायची छाती किती जणांची? मुदत निघून गेली. जमीन तिथेच राहिली, नागली तिथेच पिकली, देव तिथेच राहिले, पण कागदावर हक्क मेले. मग त्याच जमिनीवर आपण 'अतिक्रमणवाले' झालो. कोणाला एकसाली प्लॉट मिळाला, कोणाला दंडाची पावती, कोणाला नुसताच मार.

२००६ साली जो वनहक्क कायदा झाला, त्याच्या सुरुवातीलाच सरकारने कबूल केलं आहे की वडिलोपार्जित जमिनीवरचे हक्क इंग्रजांच्या काळात आणि स्वातंत्र्यानंतरही नीट नोंदले गेले नाहीत, आणि हा ऐतिहासिक अन्याय आहे. 'ऐतिहासिक' हा शब्द कायद्यातच आहे. मग तो इतिहास आपल्या पोरांना माहीत नको?

आणि आणखी एक बघा. नव्या कायद्याचे नियम १ जानेवारी २००८ ला आले. त्यातही ग्रामसभेने दावे मागवायचे आणि तीन महिन्यांत ते द्यायचे असं आहे. पुन्हा तीन महिने. फरक एवढाच की या वेळी मुदत ग्रामसभेच्या हातात आहे, कारण लिहून ती वाढवता येते. पण हे कळायला वाचणारं माणूस घरात लागतं. आज ते माणूस म्हणजे आपली शाळेत जाणारी पोरगी आहे.

भूगोल उंबऱ्यापासून

आता शिकवायचं कसं, ते सांगतो. आधी भूगोल.

पुस्तकाच्या मी विरोधात नाही. तिसरीत आपला जिल्हा आहे, चौथीत महाराष्ट्र, पुढे भारत, मग जग. जवळून लांब जायचं ही रीत बरोबर आहे. पण जिल्हा सुद्धा तिसरीच्या पोराला लांबच आहे. तलासरीच्या पोराने जिल्ह्याचं दुसरं टोक कधी बघितलं? त्याला जवळ म्हणजे त्याचा पाडा. म्हणून पुस्तक उघडण्याआधी पंधरा दिवस पाड्याचा भूगोल घ्या.

पहिल्या दिवशी दिशा. सूर्य उगवतो ती बाजू पोराला माहीतच असते. त्याला विचारा, तुझ्या घराचं दार कुठल्या तोंडाला? गावदेव शाळेच्या कुठल्या बाजूला? विहीर कुठे, मसणवट कुठे? चार दिवसांत पोरांना दिशा येतात, पाठ करावं लागत नाही.

मग जमिनीवर नकाशा काढायचा. शाळेच्या अंगणात शेण सारवा, राखेने नाहीतर तांदळाच्या पिठाने ओहोळ काढा, दगड ठेवून घरं दाखवा, पाल्याने जंगल. आपल्या बाया लग्नात भिंतीवर चौक लिहितात. ज्या पोरांनी ते जवळून बघितलं आहे त्यांचा हात रेघेला भीत नाही. एकदा सगळ्यांनी मिळून जमिनीवरचा नकाशा पक्का केला, की तो कागदावर उतरवायचा. वरती उत्तर दिशा, बाजूला खुणांची यादी, खाली तारीख.

मग प्रमाण. इथेच गाडी अडते. पुस्तकात 'एक सेंटिमीटर बरोबर अमुक किलोमीटर' असं असतं, पोर ते घोकतं. त्यापेक्षा पोराला चालायला लावा. शाळेपासून विहिरीपर्यंत पावलं मोजा. चौकटीच्या वहीत एक चौकट म्हणजे दहा पावलं धरा. झालं प्रमाण. मग दोरीवर या. ३३ फूट लांब आणि ३३ फूट रुंद जागा म्हणजे एक गुंठा. ४० गुंठ्यांचा एक एकर. १०० मीटर लांब, १०० मीटर रुंद म्हणजे एक हेक्टर, सुमारे अडीच एकर. ३३ फुटांची दोरी करून पोरांना एखादं खाचर मोजायला सांगा. ६६ फूट रुंद आणि १६५ फूट लांब खाचर निघालं तर त्याचे किती गुंठे? दोन दोऱ्या गुणिले पाच दोऱ्या, दहा गुंठे. हे गणितही झालं आणि भूगोलही.

याचा उपयोग सांगू? कायद्याने एका कुटुंबाला जास्तीत जास्त चार हेक्टर म्हणजे दहा एकराच्या आसपास जमीन मिळू शकते, पण जेवढी प्रत्यक्ष कसत असाल तेवढीच. मोजायला आलेल्या माणसाने दोन एकराचे पंचवीस गुंठे लिहिले आणि खाली आपण अंगठा उठवला, तर पुढे कोणाकडे रडणार? ज्या घरातली पोरगी दोरी लावून मोजू शकते, त्या घरात असं करायला मोजणारा दहा वेळा विचार करील.

नियमात लिहिलं आहे की वनहक्क समितीने प्रत्येक दाव्याच्या जागेचा नकाशा करायचा आणि त्यात ओळखता येतील अशा खुणा दाखवायच्या. खुणा म्हणजे काय? मोहाचं झाड, वाघदेव, ओहोळाचं वळण, जुना बांध, मोठी कातळ. या खुणा फॉरेस्टच्या नकाशात नाहीत. त्यात कंपार्टमेंट नंबर आहे, हद्दीची रेघ आहे, पण आपला पाडा बहुतेक वेळा नाही. म्हणून पोरांना दोन्ही नकाशे शेजारी ठेवून दाखवा. सरकारी नकाशात काय आहे, आपल्या नकाशात काय आहे, आणि कोणाला काय दिसलं नाही. नकाशा कोणीतरी काढलेला असतो, आणि काढणाऱ्याला जे हवं तेच तो दाखवतो, ही गोष्ट चौथीच्या पोराला या एका धड्यात कळते.

पाड्यावरून पुढे जायला नदी धरा. आपल्या मोखाड्याच्या बाजूची पोरं वैतरणा ओळखतात. ती त्र्यंबकच्या डोंगरात उगवते आणि अरबी समुद्राला मिळते. वाटेत तिच्यावर धरणं आहेत. एक मोडकसागर. वरच्या अंगाला अप्पर वैतरणा आहे. तानसा नदीवरचं धरण तर १८९२ चं आहे. हे सगळं पाणी मुंबईला जातं. मुंबईच्या माणसाने नळ सोडला की आपल्या डोंगरावर पडलेला पाऊस त्याच्या बादलीत पडतो. जव्हार-मोखाड्यात वर्षाला अडीच ते तीन हजार मिलिमीटर पाऊस होतो. पुण्याला साधारण सातशे. तरी चैत्र-वैशाखात आपल्या बाया हंडा घेऊन डोंगर उतरतात आणि टँकरची वाट बघतात.

हा प्रश्न पोरांपुढे ठेवा. एवढा पाऊस पडून पाणी कुठे गेलं? पोरं शोधतील. काळा खडक आहे, त्यात पाणी कमी मुरतं. उतार मोठा आहे. जंगल गेलं तिथली माती वाहून गेली. आणि जे पाणी अडवलं ते दुसऱ्यासाठी अडवलं. यात खडक आला, माती आली, हवामान आलं, नद्या आल्या, शहर आलं. भूगोलाचं अर्धं पुस्तक या एका प्रश्नात बसतं. आणि पोर मुंबईला मजुरीला गेलं तरी ते पाणी कुठून आलं हे विसरणार नाही.

इतिहासाच्या खुंट्या

आता इतिहास. आपली माणसं साल सांगत नाहीत, पण त्यांना काळ माहीत नसतो असं नाही. त्यांचा काळ गोष्टींना बांधलेला असतो. गुरुजींनी एवढंच करायचं, की त्या गोष्टींच्या खुंट्या ठोकून द्यायच्या आणि त्यांच्यावर सनाचा आकडा लिहायचा. वर्गाच्या भिंतीवर एक लांब दोरी बांधा आणि तिच्यावर चिठ्ठ्या लावा:

मानमोडीची साथ, १९१८.
लाल बावट्याची चळवळ, १९४५.
गांधींना मारलं, १९४८.
चीनची लढाई, १९६२.
कोयनेचा भूकंप, डिसेंबर १९६७.
मोठा दुष्काळ, १९७२.
आणीबाणी, १९७५.

मग गावातल्या चिठ्ठ्या लावा. शाळेची इमारत कधी झाली, रस्ता कधी आला, वीज कधी आली, कोणत्या साली पुरात खाचरं वाहून गेली. आता समजा एखादी डोकरी म्हणाली, 'कोयनेचा धक्का बसला तेव्हा माझा थोरला रांगत होता, आणि वरच्या माळावर आमची नागली उभी राहून नुकतीच कापली होती.' झालं की. १९६७ साली हे कुटुंब वरच्या माळावर कसत होतं. डोकरीने साल सांगितलं नाही, पोराने काढलं. हाच इतिहासाचा अभ्यास. विद्यापीठातले मोठे लोकही जुन्या कागदाची साल अशाच खुणांवरून काढतात.

कायद्याच्या नियम १३ मध्ये पुराव्यांची यादी आहे. दावेदार सोडून गावातल्या दुसऱ्या वडीलधाऱ्या माणसाने सांगितलेलं आणि लिहून घेतलेलं निवेदन हा त्यात एक पुरावा आहे. जुनी विहीर, मसणवट, देवाचं ठिकाण हाही पुरावा आहे. घर, बांध, सपाट केलेली खाचरं पुरावा आहे. वंशावळ पुरावा आहे. संस्थानाच्या काळातले कागद आणि नकाशे पुरावा आहेत, आणि जव्हारकडच्या माणसांनी हे लक्षात ठेवावं, कारण १९४८ पर्यंत तिथे संस्थान होतं. यातले एकापेक्षा जास्त पुरावे बघूनच निर्णय करायचा, असंही नियमात आहे. म्हणून एकाच कागदावर विसंबू नका.

शाळेतच एक कागद पडलेला असतो त्याची आठवण करून देतो. शाळेचं जनरल रजिस्टर. कुठल्या साली कुठल्या पाड्यावरचं पोर दाखल झालं, बापाचं नाव काय, जन्म कधीचा, हे त्यात असतं. जुन्या शाळांत ते चाळीस-पन्नास वर्षांपूर्वीचंही मिळतं. त्यातून कुटुंब त्या पाड्यावर राहत होतं हे दिसतं. जमीन कसत होतं हे त्यातून दिसत नाही, त्याला दुसरा पुरावा जोडावा लागतो. पण राहण्याचा पुरावा म्हणून त्याचा उतारा मागून घ्या. रजिस्टर वाळवीने खाऊ नये ही जबाबदारी गुरुजींची आणि गावाचीही.

खरं आणि ऐकीव वेगळं करायला शिकवा

इथे एक गोष्ट मी जोर देऊन सांगतो. पोरांना आपली बाजू शिकवायची म्हणून काहीही शिकवायचं नाही. इतिहासात सगळ्यात मोठं शिक्षण कुठलं? ऐकलं ते तपासून बघायचं.

जव्हारच्या राज्याची गोष्ट तुम्ही ऐकली असेल. पहिल्या मुकणे राजाने एका बैलाच्या कातड्यात मावेल एवढीच जमीन मागितली, मग त्या कातड्याच्या बारीक पट्ट्या केल्या आणि सगळा डोंगर वेढून घेतला. गोष्ट मजेची आहे, पोरांना जरूर सांगा. मग त्यांना हेही सांगा की आफ्रिकेच्या किनाऱ्यावर कार्थेज नावाचं जुनं शहर होतं, त्याच्या राणीचीही अशीच गोष्ट सांगतात. मग विचारा, ही घडलेली गोष्ट असेल की सांगितलेली? आणि राज्य कसं मिळालं हे सांगायला लोक अशी गोष्ट का सांगतात? दुसऱ्या बाजूला, १३४३ साली दिल्लीच्या सुलतानाने जव्हारच्या नेमशहाला राजा म्हणून मान्यता दिली अशी नोंद गॅझेटियरमध्ये आहे. एक आठवणीतलं, एक नोंदीतलं. दोन्ही ठेवायचं, पण वेगवेगळ्या खणात ठेवायचं.

पाड्यावरही तसंच. दोन डोकरे दोन वेगळी सालं सांगतील. पोरांनी दोन्ही लिहावी, कोणी सांगितलं ते लिहावं, तिसऱ्याला विचारावं. ज्याचं त्याने पाहिलं ते वेगळं, ज्याने ऐकलं ते वेगळं. ही सवय लागली की दाव्यातही खोटं शिरत नाही. मी स्पष्ट बोलतो. २००५ च्या १३ डिसेंबरनंतर कोणी झाडं तोडून नवीन प्लॉट पाडला असेल, तर तो जुना आहे असं निवेदन कुणा डोकऱ्याकडून लिहून घेऊ नका. एक खोटा दावा सापडला की गावाचे पन्नास खरे दावे संशयात जातात. ज्यांना आपले दावे फेटाळायचे आहेत ते त्याचीच वाट बघत असतात.

आपली माणसं पुस्तकात, पुस्तकातली माणसं आपल्यात

चौथीच्या पुस्तकात शिवाजी महाराज आहेत. ते पूर्ण शिकवा, चांगलं शिकवा. आणि शिकवताना पोरांना विचारा की गड बांधला तेव्हा दगड कोणी वाहिले, घाटातल्या वाटा कोणाला माहीत होत्या, गडाच्या रानात कोण राहत होतं? १६६४ साली सुरतेला जाताना महाराज जव्हारजवळ शिरपामाळला थांबले आणि तिथे जव्हारच्या राजाने त्यांची भेट घेतली, असं सांगतात. जवळच्या शाळांनी पोरांना तिथे चालत न्यावं. पुस्तकातला राजा आपल्या वाटेने गेला, हे पोराच्या पायाला कळलं पाहिजे.

मग आपली माणसं. राघोजी भांगरे, महादेव कोळी, सावकार आणि इंग्रजांविरुद्ध उठला, १८४८ साली २ मे रोजी ठाण्याच्या तुरुंगात त्याला फाशी दिलं. खानदेशात खाज्या नाईकाबरोबर भिल्लांनी १८५८ च्या एप्रिलमध्ये अंबापाणीला इंग्रज फौजेशी लढाई केली. त्याच वर्षी चांद्याला बाबूराव शेडमाके या गोंड जमीनदाराला फाशी झाली. १९३० साली २५ सप्टेंबरला उरणजवळ चिरनेरला जंगल सत्याग्रह झाला, गोळीबार झाला, त्यात नाग्या कातकरी गेला. जंगलासाठी, आपल्यासारख्याच माणसाने.

आणि आपल्याच जिल्ह्यातला वारल्यांचा उठाव. १९४५ च्या जानेवारीत टिटवाळ्याला किसान सभेची परिषद झाली, तिथे वारली गेले. २३ मे रोजी तलासरीजवळ झरीला हजारो माणसं जमली. वेठबिगार करणार नाही, लग्नगडी राहणार नाही, असं तिथे ठरलं. लग्नासाठी घेतलेल्या चार पैशांपायी नवरा-बायको जन्मभर सावकाराच्या घरी राबायची, ते लग्नगडी. मग गवत कापायच्या मजुरीचा लढा झाला, पाचशे पौंड गवताला अडीच रुपये मागितले. १० ऑक्टोबरला तलवाड्याला गोळीबार झाला, पाच जण गेले, त्यात जेठ्या गांगड होता. गोदूताई परुळेकरांनी 'जेव्हा माणूस जागा होतो' या पुस्तकात हा सगळा काळ लिहिला आहे. पण आपल्या पाड्यांवर ज्यांनी तो काळ बघितला अशी डोकरी माणसं आता थोडीच उरली आहेत. आणखी दहा वर्षांनी एकही राहणार नाही. ज्या शाळेच्या पोरांनी या पावसाळ्याआधी त्यांच्याकडून ऐकून लिहून घेतलं, तेवढंच राहील.

अडचणी काय येतात

गुरुजी म्हणतील, अभ्यासक्रम संपवायचा आहे, परीक्षा आहे, वरून साहेब येतात. खरं आहे. पण हा विषय 'परिसर अभ्यास' या नावानेच शिकवायचा आहे. २००५ च्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्यातही शाळेतलं ज्ञान बाहेरच्या जगण्याशी जोडा, असं म्हटलं आहे. पाड्याचा नकाशा काढणं म्हणजे राजकारण नव्हे, तो सरकारने सांगितलेलाच धडा आहे.

घाटावरून बदलून आलेले गुरुजी म्हणतील, आम्हाला इथलं काही माहीत नाही, भाषाही कळत नाही. मग गावाने शिकवा. आठवड्यातून एक तास डोकऱ्या-डोकरींनी शाळेत यावं, आणि पोरांनी वारली, कोकणा, कातकरी, जी घरची बोली असेल तिच्यात विचारावं. मराठीत नंतर लिहावं. पहिल्या इयत्तांत मातृभाषेतून शिकायची सोय करावी असं घटनेच्या ३५० अ कलमात लिहिलेलं आहे. आपली बोली वर्गात आली म्हणून मराठी बिघडत नाही.

आई-बाप म्हणतील, पोर गुरं राखायला जातं, शाळेत कधी येणार? डहाणूजवळ कोसबाडला ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी कुरणशाळा काढल्या होत्या. गुरं चरतात तिथेच शाळा भरायची. झाड, ओढा, डोंगर समोर असताना भूगोल शिकवायला याहून चांगला वर्ग कुठला? पण शाळेत जाणारं पोर गुरांमागे पाठवू नका, एवढं तरी गावाने ठरवावं.

गावाने आणि शाळेने काय करायचं

आता कामाचं सांगून थांबतो. पुढच्या शिबिराला येताना प्रत्येक गावाने एवढं करून आणावं:

१. शाळेच्या भिंतीवर खुंट्यांची दोरी, गावातल्या निदान दहा गोष्टींच्या चिठ्ठ्यांसकट.

२. पोरांनी काढलेला पाड्याचा नकाशा. शीव, ओहोळ, विहिरी, देव, मसणवट, जुनी झाडं, आणि प्रत्येक जागेचं आपल्या बोलीतलं नाव. ही नावं सरकारी नकाशात नाहीत. एकदा विसरली की परत येणार नाहीत.

३. पाच वडीलधाऱ्या माणसांची निवेदनं, वहीत लिहिलेली. त्यात निदान दोन बाया पाहिजेत. माहेर-सासर, बी कुठलं, पाणी कुठलं, हे बाईला जास्त माहीत असतं. वाचून दाखवायचं, पटलं तरच सही-अंगठा घ्यायचा.

४. जनरल रजिस्टर किती सालापासूनचं आहे ते बघून त्याची नोंद.

५. वहीची एक प्रत शाळेत, एक वनहक्क समितीकडे. पोरांनी लिहिलेलं दाव्याला जसंच्या तसं लावायचं नाही. समितीने ते तपासून, ग्रामसभेत वाचून, मग रीतसर निवेदन करायचं. पोरांवर पुराव्याचा भार टाकू नका, त्यांना शिकू द्या.

दावे आज ना उद्या निकाली निघतील. काही मंजूर होतील, काही फेटाळले जातील, मग अपील करावं लागेल, पुन्हा कागद लागेल. सामूहिक हक्काचं तर सगळं काम पुढेच आहे. जंगल राखायचं कसं, कुठलं कधी तोडायचं, कुठे चराई बंद ठेवायची, हे ठरवायला आपल्यालाच नकाशा वाचावा लागेल. हे काम पंचवीस-तीस वर्षांचं आहे, आणि ते आज तिसरीत बसलेली पोरं करणार आहेत. त्यांना पाड्याचं साल आणि शिवेची रेघ कळली पाहिजे. उद्या कोणी पुन्हा जाहिरनामा आणून झाडाला चिकटवला, तर तो पहिल्याच दिवशी वाचणारं माणूस प्रत्येक पाड्यावर हवं.

जिंदाबाद.